पार्ट मिळणार नाही असं धरून

ती मला पहिल्याच दिवशी ‘दादा’ म्हणाली आणि अख्खं वर्कशॉप हसलं.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात आमचं वर्कशॉप आहे. वरच्या मजल्यांवरची यंत्रं, म्हणजे मॉनिटर, सक्शन, बाळांना ऊब देणारे वॉर्मर, बिघडली की लिफ्टने खाली येतात आणि आमच्या टेबलावर उघडली जातात. मी तिथे सत्तावीस वर्षं आहे. ट्रेनी म्हणून लागले, आता दुरुस्ती विभागाची सीनियर आहे. तर परदेशातल्या सरकारी हॉस्पिटलांतल्या टेक्निशियनांना आमच्याकडे सहा आठवडे शिकवायचं असं वरून ठरलं, आणि पहिल्या खेपेला टांझानियाहून एकटीच बाई आली. पस्तिशीची, उंच, केस बारीक कापलेले, खांद्याला स्वतःची टूलबॅग. मी नमस्कार केला तर माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, “थँक यू, दादा.”

पोरं हसली तशी ती गोंधळली. मी तिला सांगितलं, आमच्याकडे दादा म्हणजे मोठा भाऊ. ती म्हणाली, “आमच्या स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण.” मग तीही हसली. पण तिने शब्द काही बदलला नाही. सहा आठवडे मी दादाच राहिले. आणि वर्कशॉपात तिला सगळे ‘पाहुणी’ म्हणू लागले, म्हणून मीही इथे तेच म्हणते.

मला शिकवायची सवय होती, पण आमच्या पोरांना, आमच्या भाषेत. इंग्रजीत उभं राहून बोलायचं म्हटलं की मी आधी एकेक वाक्य कागदावर लिहून घ्यायचे. म्हणून मी जय्यत तयारी केली होती. प्रत्येक यंत्राचं मॅन्युअल, त्यातले नकाशे, पायऱ्या, सगळं रंगीत छापून फायलीत लावलं होतं. पहिला आठवडा त्या फायलीवरच गेला. पाहुणी मन लावून ऐकायची, वहीत लिहायची, मधूनमधून मान हलवायची. मी घरी जाऊन बाबांना सांगायचे, छान चाललंय.

दुसऱ्या आठवड्यात एक सक्शन मशीन खाली आलं. ऑपरेशनच्या वेळी रक्त, पाणी ओढून घ्यायला, जन्मलेल्या बाळाच्या घशातला चिकटा काढायला हे लागतं. त्याच्या पंपाच्या पोटात एक गोल रबरी पडदा असतो. तो वरखाली हलला की हवा ओढली जाते. पडदा फाटला की मशीन नुसतं घरघर करतं, ओढत काहीच नाही. मी तिच्याकडून पंप उघडून घेतला, फाटलेला पडदा दाखवला, मॅन्युअलमधला पार्ट नंबर वाचायला लावला आणि आमच्या पोराला लॅमिंग्टन रोडच्या पार्टांच्या बाजारात पिटाळलं. तासाभरात तो पडदा घेऊन आला. पाहुणीने बसवला. मशीन सुरू झालं. मी म्हटलं, “झालं! सोपं आहे की नाही?”

तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाली, “दादा, मॅन्युअल आमच्याकडेही आहे.”

“मग?”

“लॅमिंग्टन रोड नाही.”

मग तिने फोन काढून मला फोटो दाखवले. किनाऱ्यावरच्या तिच्या गावातलं हॉस्पिटल, बैठी इमारत, पुढे नारळ. मागे एक लांब खोली. त्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत यंत्रंच यंत्रं. कुणी दान दिलेली, कुणी जुनी झाली म्हणून पाठवलेली. काहींवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. दोन वॉर्मर एकशे दहा व्होल्टचे होते. तिच्याकडची वीज आपल्यासारखीच दोनशे तीसची. कुणीतरी तसेच जोडले आणि पहिल्याच दिवशी जळाले. पाच सक्शन मशीनं होती आणि पाचांचेही पडदे फाटलेले. नवे पडदे मागवले की आधी राजधानीत अर्ज, मग परदेशात, मग बंदरात कस्टम. एकदा आठ महिन्यांनी पार्सल आलं तेव्हा आत चुकीच्या मापाचे पडदे निघाले.

“माझ्या गावात बायका बाळंत होतात तेव्हा नर्स पायाने दाबायचा पंप वापरते,” ती म्हणाली. “आणि भिंतीपलीकडे पाच मशीनं उभी असतात.”

त्या दिवशी मी फाइल मिटली ती मिटलीच. काय शिकवायचं हेच मला कळेना. सत्तावीस वर्षं मी स्वतःला हुशार समजत होते, आणि माझ्या हुशारीतला निम्मा वाटा परळपासून टॅक्सीने पंधरा मिनिटांवर असलेल्या एका बाजाराचा होता.

रविवारी मी तिला लालबागला घरी जेवायला बोलावलं. आमची चाळ पाडून तिथे आता टॉवर झालाय आणि नवव्या मजल्यावर आम्हाला दोन खोल्यांचं घर मिळालंय. तिथे मी आणि बाबा राहतो; मुलगी शिकायला बाहेरगावी असते. बाबा ऐंशीला टेकले आहेत. मूळ मालवणकडचे, पंधराव्या वर्षी मुंबईत आले आणि गिरणीत फिटर झाले. म्हणजे कापड विणणारे नव्हेत, तर ज्या साच्यांवर, म्हणजे मागांवर, कापड विणलं जायचं ते दुरुस्त करणारे. गिरणी बंद पडली तेव्हा मी पाचवीत होते. त्यानंतर ते लोअर परळच्या एका गाळ्यात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करत राहिले. हात थकेपर्यंत.

पाहुणी दारात आली आणि वाकून म्हणाली, “शिकामू, बाबा.”

बाबा माझ्याकडे बघायला लागले. “हिका मराठी येता?”

ती म्हणाली, शिकामू हा मोठ्यांना करायचा नमस्कार, आणि बाबा म्हणजे तिच्या भाषेतही वडीलच. बाबा इतके खूश झाले की त्यांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली. मी सुरमईचं कालवण केलं होतं. तिने पहिल्या घासाला डोळे मिटले आणि म्हणाली, “नारळ. अगदी माझ्या आईसारखं.” भाताला हात घातला तोही सरळ, चमचा बाजूला सारून.

जेवण झाल्यावर ती खिडकीशी उभी राहिली. समोर काचेचे टॉवर आहेत, त्यातला एक बाबांच्या गिरणीच्या जागेवर. तिने विचारलं, “दादा, तुमचा देश इतका पुढे कसा गेला? आमच्याकडे मंत्री येतात आणि सांगतात, आधी रस्ते, मग बंदर, मग परदेशी पैसा, मग आपण वाढू. मी लहान होते तेव्हाही तेच सांगायचे.”

मी बाबांना प्रश्न मराठीत सांगितला. ते टॉवरकडे बघून हसले. “त्या काचेत बघून कळूचा नाय,” म्हणाले. आणि मग सांगायला लागले. मी एकेक वाक्य तिच्यासाठी इंग्रजीत करत होते.

त्यांनी त्यांच्या मेस्त्रीची गोष्ट सांगितली. तो मेस्त्री गिरणीत लागला तेव्हा साचे विलायतेतून आलेले असायचे आणि ते उघडायचा मान गोऱ्या फिटरचा. आपल्या माणसाने बाजूला पाना धरून उभं राहायचं. मग दुसरी मोठी लढाई लागली. बोटी बंद झाल्या, पार्ट यायचे बंद झाले, गोरा फिटरही पलटणीत गेला. कापड तर लागतच होतं.

“मगे काय करतले?” बाबा म्हणाले. “साचो बंद ठेवतले? पाना धरून उभे होते त्यांनी साचो खोललो. मोडलेलो पार्ट काढलो, माप घेतला, वाळूत ठसो उठवून लोखंड ओतला. पयलो फुटलो. दुसरोय फुटलो. तिसरो चाललो.”

लढाई संपली, बोटी सुरू झाल्या, तरी गिरणीतली ओतशाळा राहिली. बाबा लागले तेव्हा तिथे एक मोठं कपाट होतं, त्यात प्रत्येक पार्टचं ड्रॉइंग. ती ड्रॉइंग बघून शिकलेली माणसं पुढे ठाण्याला, पुण्याला, कुठेकुठे कारखान्यांत गेली. कुणी स्वतःचे गाळे काढले. “देश साच्यांनी मोठो झालो नाय गो,” बाबा म्हणाले. “साचे खोलूक शिकलव, थयसून झालो.”

पाहुणी खिडकीपासून वळली. मग म्हणाली, “बाबा, तुमचं बरोबर आहे. पण तुमच्या गिरणीत वीज होती. शाळा होत्या म्हणून तुमच्या मेस्त्रीच्या हाताखालच्या पोरांना ड्रॉइंग वाचता आलं. आमच्याकडे दुपारी दोन-दोन तास वीज जाते. नुसता माणूस शिकून पुरत नाही.”

मला वाटलं बाबांना राग येईल. पण ते मान हलवत राहिले. “खरा आसा,” म्हणाले. “माझी पोरगी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकली. फी नव्हती म्हणून शिकली.” आणि मग अचानक तिच्याकडे वळून विचारलं, “गो, तुझ्या गावात लेथ आसा?”

मी विचारलं. ती म्हणाली, आहे. धक्क्यावर एक म्हातारा माणूस आहे, मासेमारीच्या बोटींच्या इंजिनांचे पार्ट लेथवर करून देतो. अशा कारागिराला ते ‘फुंडी’ म्हणतात.

“मगे झाला तर!” बाबांनी मांडीवर थाप मारली. “फुंडी आसा, लेथ आसा, आनि ही रडता कित्याक?”

सोमवारी मी आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. विभागप्रमुख म्हणजे सगळ्या दुरुस्तीला शेवटी जबाबदार तेच. मी म्हटलं, उरलेले चार आठवडे मला कोर्स बदलायचाय. या वर्कशॉपात बाहेरून एकही पार्ट येणार नाही असं धरून शिकवायचं. तिच्या गावात जे मिळतं तेवढंच वापरायचं.

साहेबांनी चष्मा काढला. “मॅडम, हा कोर्स आहे की जुगाड? उद्या फोटो निघाला तर म्हणतील, इतक्या मोठ्या हॉस्पिटलात पेशंटच्या मशीनला टायरचे तुकडे लावायला शिकवतात.”

“तुकडे नाही लावणार, सर.”

“मग काय लावणार?”

मी म्हटलं, “ते शोधणं हाच कोर्स.”

ते बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. शेवटी म्हणाले, “एका अटीवर. इथल्या मशीनला जी टेस्ट, तीच तिच्या मशीनला. एक आकडा कमी भरला तरी मी सही करणार नाही. आणि वॉर्मरच्या तापमानाच्या भागाला कुणी हात लावायचा नाही. तिथे बाळ भाजतं.”

मला तेव्हा ती अट म्हणजे खोडा वाटली होती. आज वाटतं, त्या अटीमुळेच आम्ही वाचलो.

मी पाहुणीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की मला माझ्या रंगीत फायलींची लाज वाटली. तिने त्याच दुपारी वहीचं नवीन पान उघडून दोन याद्या केल्या. गावात जे करता येईल ते डावीकडे, आणि जे कधीच घरी करायचं नाही, मागवायचंच, ते उजवीकडे. वॉर्मरचा सेन्सर तिने स्वतःच उजवीकडे लिहिला.

एका भंगार सक्शन मशीनपासून सुरुवात केली. पडदा फाटलेला, आणि पडदा धरणारी पितळी बुश, म्हणजे कडं, तीही झिजलेली. मी बाबांना विचारलं तर ते बसल्या जागेवरून म्हणाले, “चामड्याचो घाल. तेल लावून घाल. गिरणीत पंपाक आमी चामड्याचोच घालू.”

“बाबा, हे हॉस्पिटल आहे. चामडं कुजतं. ते धुता येत नाही, त्यात जंतू बसतात.”

“आमचे पंप वीस वर्सा चालले.”

“तुमच्या पंपांतून बाळाच्या घशातलं नव्हतं जात.”

ते रुसले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे. वाईट वाटलं, पण मी बधले नाही. ज्या माणसाने मला पाना धरायला शिकवलं त्याला नाही म्हणायचं होतं, आणि तेही त्यानेच शिकवलेल्या गोष्टीवर. डिप्लोमाला मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं म्हटलं तेव्हा सगळ्या चाळीने विचारलं होतं, मुलीला कशाला मशीनचं? बाबा एकटे माझ्या बाजूने होते. आमच्या वर्गात चारच मुली होत्या. आणि आता त्याच शिक्षणाने मी त्यांना नको म्हणत होते.

उत्तर शेवटी पाहुणीलाच सुचलं. एक दिवस डबा खाता खाता थांबली आणि म्हणाली, “बोटीचं इंजिन!” बोटींच्या इंजिनात तेल गळू नये म्हणून काळ्या रबराची शीट कापून लावतात, ती तेलाने खराब होत नाही. तिच्या धक्क्यावर प्रत्येक मेकॅनिककडे तिचं भेंडोळं असतं. तिने तिथेच फुंडीला फोन लावला. स्पीकरवर म्हाताऱ्याचा मोठा आवाज आला, पाठीमागे हातोड्याचे ठोके. दहा मिनिटांत त्याने शीटचा फोटो पाठवला, शेजारी माप कळावं म्हणून स्वतःचा अंगठा ठेवून.

तो फोटो मी बाबांना दाखवला. ते वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठले. “धक्क्यावर जावया,” म्हणाले.

म्हणून आम्ही तिघं शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर गेलो. बाबा कित्येक महिन्यांनी इतक्या लांब आले होते. एका हातात काठी, दुसरा हात पाहुणीच्या खांद्यावर. ती मात्र घरी आल्यासारखी चालत होती. बर्फ, माशांच्या टोपल्या, डिझेलचा वास, तिला काहीच नवीन नव्हतं. बोटीवर काम करणाऱ्या एका मेकॅनिकला बाबांनी मालवणीत गाठलं. तो निघाला देवगडचा. मग काय, दहा मिनिटं गाव, वाडी, कोण कुणाचा. त्यानंतर त्याने शीट दाखवली. पाहुणीने ती वाकवून पाहिली, नखाने दाबली, वास घेतला आणि म्हणाली, “हीच.”

सोमवारी साहेबांनी टोमणा मारलाच. “बाहेरून आणायचं नाही ना?”

“सर, तिच्याकडे धक्का आहे,” मी म्हटलं.

शीट हॉस्पिटलच्या जंतुनाशकात चार दिवस बुडवून ठेवली. फुगली नाही, चिरली नाही. मग पाहुणीने पडदा कापला. बुश तिने आमच्या छोट्या लेथवर स्वतः केली. तिला लेथ येत नव्हता. मी दाखवला, आणि मला जिथे येत नव्हतं तिथे बाबांना व्हिडिओ कॉल लावला. पहिली बुश तिने दीड मिलिमीटर जास्त कातली. दुसरीही गेली. पितळेचा चुरा तिच्या केसांत, भुवयांवर. चौथी बरोबर बसली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मशीन लावलं. ओढ मोजणाऱ्या गेजचा काटा चढत चढत सहाशेच्या पुढे गेला. मला वाटलं जिंकलो. पण अट होती आठ तास सलग चालवायची. चौथ्या तासाला एक बारीक शिट्टी ऐकू आली आणि काटा खाली. पडदा मधल्या भोकापासून फाटला होता.

पाहुणी फाटका पडदा हातात घेऊन बसून राहिली. तिचे दहाच दिवस उरले होते. मी तो पडदा पिशवीत घालून घरी नेला. बाबांनी चष्मा लावून खिडकीच्या उजेडात धरला, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि एकच वाक्य बोलले.

“भोक कातरीन केलास.”

खरं होतं. कातरीने कापलेल्या भोकाला कडेला बारीक खाचा राहतात, आणि रबर हललं की खाचेतून चीर धावते. भोक एका ठोक्यात, गोल, साफ पडायला हवं. बाबांनी कागदावर पेन्सिलने आकृती काढून दिली. पाइपचा तुकडा लेथवर लावायचा, तोंड आतून-बाहेरून धारेला आणायचं, की झाला पंच. हातोड्याचा एक ठोका. दुसऱ्या दिवशी पाहुणीने भंगारातल्या पाइपमधून पंच केला. भोक असं पडलं की पडलेली रबरी टिकली तिने उचलून मला दाखवली. कडा आरशासारखी.

मशीन सकाळी नऊला सुरू केलं. साहेब अकराला आले, गेज पाहिला आणि गेले. दोनला पुन्हा आले. चारला खुर्ची घेऊन बसलेच ते पाच वाजेपर्यंत. काटा एकदाही हलला नाही. मग त्यांनी टेस्टचा कागद मागवला, इथल्या मशीनसाठी असतो तोच, आणि प्रत्येक आकडा स्वतः पडताळून सही केली. जाताना मला म्हणाले, “त्या पंचचं ड्रॉइंग काढून ठेवा. आपल्यालाही लागेल.”

इतक्या वर्षांत साहेबांनी माझं कौतुक केलं नाही असं नाही. पण हे वाक्य मी घरी जाताना रस्ताभर मनात घोळवत गेले. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “सायब शिकलो म्हणजे बरा झाला.” आणि वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं. कागदामागे ते हसत होते हे मला कळत होतं.

शेवटच्या दिवशी छोटा समारंभ झाला. प्रमुख पाहुणे म्हणून एक अधिकारी आले होते, त्यांनी भाषणात दोन देशांतली मैत्री, गुंतवणूक, तंत्रज्ञान असं बरंच सांगितलं. पाहुणीला बोलायला सांगितलं तेव्हा ती माइकपाशी गेली आणि म्हणाली, “मी इथून मशीन नेत नाहीये. आमच्याकडे मशीनं खूप आहेत.” मग टूलबॅगेतून पाइपचा तो पंच काढून वर धरला. “मी हा नेतेय. पण विमानतळावर अडवला तर तोही सोडून देईन. पुन्हा करता येईल.”

पोरांनी शिट्ट्या मारल्या. पाहुणे कसनुसे हसले. मी पहिल्या रांगेत बसले होते, आणि मला ऊर भरून येणं म्हणजे काय ते अगदी छातीच्या हाडांत कळलं. माझ्या मुलीच्या निकालाला असं झालं होतं, आणि त्यानंतर हेच.

ती गेली. महिनाभर काही कळलं नाही. मग एकेक फोटो यायला लागले. फुंडी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसलाय, मांडीवर पंप. एक सक्शन मशीन बाळंतिणींच्या खोलीत, शेजारी नर्स अंगठा दाखवतेय. पावसाळ्याआधी पाचपैकी चार चालू झाली. पाचव्याची मोटर जळालेली होती, त्याचे पार्ट काढून चारांसाठी ठेवले. त्या चारही मशीनांच्या टेस्टचे कागद तिने मला पाठवले, आमच्याच नमुन्यावर, खाली तिच्या तिथल्या डॉक्टरची सही. वॉर्मरना तिने हात लावला नाही. त्यांच्यासाठी व्होल्टेज उतरवणारे ट्रान्सफॉर्मर आणि नवे सेन्सर रीतसर मागवले. ते यायला सात महिने लागले. ती थांबली. तिने लिहिलं होतं, “उजवीकडची यादी, दादा.”

मी काही तिचा देश वाढवला असं म्हणत नाही. चार पंपांनी देश वाढत नाही. वीज अजून दुपारी जाते, कस्टमचं तेच आहे. पण राजधानीतून दोन माणसं तिची खोली बघायला येऊन गेली, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या हॉस्पिटलने त्यांची बंद मशीनं ट्रकने तिच्याकडे पाठवली. फुंडीने लेथवर काम करायला आणखी एक माणूस ठेवला. हे सगळं तिने मला मोठं करून नाही, येता जाता सांगितलं.

परवा रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. बाबा आणि मी जेवून बसलो होतो. आता तिच्याकडे दोन मुली शिकायला आहेत. त्यांना तिने कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, “यांना तुम्हाला प्रश्न विचारायचाय.” मी सावरून बसले, केस नीट केले. एका मुलीने ऑक्सिजनच्या यंत्राचा उघडलेला पंप पुढे केला आणि काहीतरी स्वाहिलीत विचारलं. पाहुणीने ते मला इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, पण त्या आधी तिची नजर पंपावर गेली. ती वाकली. झडपेवर बोट ठेवलं आणि मुलीला स्वाहिलीत समजावू लागली. एकीला पाना दिला, दुसरीला बाजूला सरकवलं. आम्ही इकडे बसलोय हे ती विसरून गेली होती.

पाच मिनिटं आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. माझी काही गरज नव्हती. मला इतकं बरं वाटत होतं की मी कॉल बंद केला नाही.

“काय सांगता गो ती?” बाबांनी विचारलं.

“मला कळत नाही, बाबा. त्यांची भाषा आहे.”

ते स्क्रीनकडे आणखी थोडे झुकले.

“बरोबर सांगता,” म्हणाले.

“तुम्हाला काय कळलं?”

“भाषा कशाक व्हयी? तिचो हात बघ.”